तातडीचं असेल तरच

हेडबाईचा सल्ला सहसा चुकत नसे. तिचं दुखणं म्हणायचं तर हेच. जो चारदा चुकतो त्याला पाचव्यांदा विचार करायची सवय तरी लागते; हिला ती लागलीच नाही.

हेडबाई हे काही तिचं नाव नव्हे. समोर सगळे ताई म्हणत, पाठ वळली की हेडबाई. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. या परक्या देशातल्या शहरात शिकायला येऊन तिला पाचवं वर्ष लागलं होतं. प्रबंध रडतखडत चालला होता, दिवसातले चार तास विद्यापीठाच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं नोंदवायचं काम होतं, आणि उरलेल्या वेळात ती लष्कराच्या भाकऱ्या भाजत असे. म्हणजे आपल्याकडून नव्याने येणाऱ्या पोरापोरींना मार्गी लावत असे. कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी नकोही म्हटलं नव्हतं.

दर सत्राच्या पहिल्या आठवड्यात वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात तिची शाळा भरे. लांब टेबलाभोवती सात-आठ भेदरलेले चेहरे, आणि हेडबाई ओट्याला टेकून उभी.

"किल्ली गळ्यात घालायची. खिशात नाही, पिशवीत नाही, गळ्यात. इथली दारं आपोआप लागतात आणि आपण टॉवेल गुंडाळून बाहेर राहतो. हसू नका, दर वर्षी एक जण राहतोच. दुसरं, आजारी पडायच्या आधी दवाखान्यात नाव नोंदवा. ताप चढल्यावर सहा पानी फॉर्म भरता येत नाही. बसचा थांबा आधी दिवसाउजेडी बघून या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच नंबरची बस थांबते. मागच्या वर्षी एक महाशय तीन दिवस कॉलेजला म्हणून निघायचे आणि गावाबाहेरच्या गोदामापाशी उतरायचे. पोटात भूक असताना दुकानात जाऊ नका. कपडे शनिवारी सकाळी धुवा, मशीन रिकामं मिळतं. आणि थांबलं की लगेच कपडे काढा, पुढचा ताटकळतो."

मग तिचा आवडता भाग यायचा. "आणि समजलं नाही तर मान हलवू नका. आपल्याला मान हलवायची भारी हौस. मास्तर बोलले, हलवली. घरमालक बोलला, हलवली. महिन्याने कळतं आपण कशाकशाला हो म्हणून बसलो ते. चला, म्हणा माझ्यामागून, मला समजलं नाही!"

सगळे जण कोरसमध्ये "मला समजलं नाही" म्हणत, एकमेकांकडे बघून फिदीफिदी हसत, आणि त्या हसण्याबरोबर पहिल्या आठवड्याची निम्मी भीती पळून जाई. हे खरं कसब होतं आणि ते तिच्याकडे होतं. उगाच नाकारण्यात अर्थ नाही.

शेवटचा नियम ती हसू ओसरल्यावर सांगे. घरी फोन फक्त रविवारी.

यामागे तिचं स्वतःचं पोळलेलं तोंड होतं. पहिल्या वर्षी ती आईशी रोज तीन-तीन तास बोले. शेगडीशेजारी फोन उभा करून ठेवायचा, तिकडे आई निवडते आहे, इकडे ही चिरते आहे. शेजारच्या काकूंच्या सुनेला कितवा महिना लागला ते तिला माहीत होतं, आणि आपल्या भिंतीपलीकडे कोण राहतं ते माहीत नव्हतं. देह इथे, जीव तिथे, अभ्यास कुठेच नाही. दोन विषयांत नापास झाली तेव्हा तिने फोन रविवारवर आणला, आणि तेव्हापासून तिचे पाय या जमिनीला लागले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. ही दुसऱ्यांचं ताकही फुंकू लागली.

पोरं नियम मोडत नसत, आईबाप मोडत. म्हणून तिने घरच्यांसाठी एक वेगळा कागद केला होता. मुलाला रोज फोन करू नका, जेवलास का हे दिवसातून पाचदा विचारू नका, रविवारी मनसोक्त बोला. आणि खाली तिचा नंबर: तातडीचं असेल तरच मला फोन करा, मी निरोप पोचवीन. तातडीचं म्हणजे काय हे तिने लिहिलं नव्हतं. त्यामुळे निळ्या झाकणाचा डबा कुठे ठेवून गेली इथपासून त्याच्या मावसबहिणीचं जमलं इथपर्यंत सगळंच तातडीचं होऊन तिच्या कानावर येई. ती प्रत्येकाला तेच सांगे, "रविवारी बोला."

या वर्षीच्या तुकडीत एक मुलगी सगळ्यांत लहान होती. चणीनेही आणि वयानेही. तिला सगळ्यांनी पहिल्याच दिवशी शेंडेफळ करून टाकलं. आई ती चार महिन्यांची असताना गेलेली, भावंडं नाहीत. बापाने शिवणयंत्राशेजारी पाळणा बांधून वाढवलेली. बाप शिंपी. त्याने लेकीच्या कोटाला आतून पाच खिसे शिवून दिले होते, पासपोर्टाचा वेगळा, किल्लीचा वेगळा, आणि एक नुसताच, "लागेल कशाला तरी" म्हणून. शेंडेफळ ते खिसे सगळ्यांना उलगडून दाखवी.

पहिल्या महिन्यात या शिंपीकाकांचे हेडबाईला अकरा फोन आले. दर वेळी सुरुवात एकच, "ताई, दोन मिनिटं आहेत का?" तिकडे थंडी किती, अस्तर पुरतं का, खोलीला खिडकी आहे का, शेजारीण कशी आहे. अकराव्या फोनला हेडबाई वैतागली. म्हणाली, "काका, तुम्ही असंच करत राहिलात तर ती आठ दिवसांत रडत परत येईल. मग तुम्हीच म्हणाल, शिक्षण अर्धवट राहिलं."

"चुकलो ताई," काका म्हणाले. "कापड ताणलं की शिवण बिघडते, मला कळायला पाहिजे होतं."

त्यानंतर दीड महिना त्यांचा फोन आला नाही. तसं पाहिलं तर थेट लेकीला फोन लावायला त्यांना कुणाची आडकाठी नव्हती. बाकीचे आईबाप गुपचूप लावतच. पण काका नाकासमोर चालणारा माणूस. ताईंनी ठरवून दिलंय म्हटल्यावर ती काळ्या दगडावरची रेघ. लेकही त्यांचीच. रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला फोन, तासभर बोलणं, आणि मग सहा दिवस चिडीचूप.

तर अशा एका गुरुवारी हेडबाई ग्रंथालयात कामावर होती. परत आलेल्या पुस्तकांची ढकलगाडी समोर, हातात नोंदणीचं यंत्र, आणि खांदा नि कान यांच्यात फोन.

"ताई, दोन मिनिटं आहेत का?"

"बोला काका, पण पटकन. कामावर आहे मी."

"हो, हो. म्हणजे मी काय म्हणतो, आज तिच्याशी जरा बोललो तर चालेल का? पाचच मिनिटं."

"तातडीचं आहे का काही?"

 कुठेतरी चाकं खडखडली. हेडबाईला वाटलं, आपलीच गाडी.

"तातडीचं असं काही नाही," काका म्हणाले.

"मग रविवारी बोला ना. सोमवारी तिचा पेपर आहे. आत्ता कुठे रमली आहे, तुम्ही मध्येच आवाज ऐकवलात की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न."

"बरोबर आहे. तुमचं बरोबर आहे. रविवार काय, तीन दिवसांवर तर आला." मग म्हणाले, "जेवते ना वेळेवर?"

"जेवते," हेडबाई म्हणाली. तिने शेंडेफळाला चार दिवसांत पाहिलंही नव्हतं.

"बरं. ठेवतो ताई. कामात त्रास दिला तुम्हाला."

तिने फोन खिशात टाकला आणि पुढचं पुस्तक उचललं.

शनिवारी सकाळी ती बटाटे सोलत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. शेंडेफळाचे मामा होते.  दोनदा सुरुवात करून थांबले, मग एका दमात सगळं सांगून टाकलं. काकांच्या छातीत पंधरा दिवसांपासून दुखत होतं, त्यांनी अंगावर काढलं. गुरुवारी दाखवलं तर डॉक्टरांनी घरी सोडलंच नाही. शुक्रवारी ऑपरेशन झालं, शुद्धीवर आले नाहीत, आज गेले.

"तिला तुम्ही सांगा हो," मामा म्हणाले. "आमच्यापैकी कुणाला धीर होत नाही. तुमचाच नंबर त्यांनी भिंतीला चिकटवून ठेवलाय. ती येईपर्यंत आम्ही थांबतो."

हेडबाई "हो" म्हणाली. तेवढ्यावर फोन संपला असता तर तिच्यावर उपकार झाले असते. पण मामांना बोलायला माणूस हवं होतं.

"गुरुवारी आम्ही म्हटलं, ऑपरेशन आहे, पोरीशी बोलून घ्या. बाहेर व्हरांड्यात गेले फोन घेऊन. परत येऊन म्हणाले, ठरलंय, रविवारी बोलायचं. तोवर मी बराही होईन, तिला काळजी नको."

हातातला बटाटा तिने खाली ठेवला. अर्धा सोललेला होता. कुणाशी ठरलं ते मामांना माहीत नव्हतं, आणि तिने सांगितलं नाही.

शेंडेफळ तळघरात कपडे धुवायच्या खोलीत होती. शनिवार सकाळ, रिकामं मशीन, सगळं नियमाप्रमाणे. बाकावर मांडी घालून गुडघ्यावर कागद ठेवून काहीतरी लिहीत होती. वर लिहिलं होतं, 'बाबांना सांगायचं', आणि खाली बारीक अक्षरात पानभर.

"ताई! बस ना. पाच मिनिटं राहिलीत. अगं, कोटाचं बटण माझं मी लावलं, बघ. बाबा म्हणतील उलट्या टाक्याने लावलंय."

पाच वर्षांत हेडबाईने किती जणांना काय काय शिकवलं, पण हे कसं सांगायचं ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. ती तिच्यासमोर खाली फरशीवर बसली, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "तुझे बाबा गेले गं. आज सकाळी. हृदयाचं ऑपरेशन झालं होतं काल, त्यातून उठले नाहीत."

शेंडेफळाने तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"आज शनिवार आहे ना?" ती म्हणाली. "आमचं उद्या बोलायचं आहे."

"हो गं."

"उद्या दहा वाजता."

मशीन थांबलं. शेंडेफळ उठली, झाकण उघडून एकेक कपडा काढून झटकून टोपलीत टाकू लागली. पुढचा ताटकळायला नको. बाहेर कुणीही उभं नव्हतं. सगळं मशीन तिने रिकामं केलं, आत हात घालून एक मोजा राहिला होता तोही काढला, आणि मग तो ओला मोजा हातात धरून ती खाली बसली आणि ओरडली. हेडबाईने तिला घट्ट धरून ठेवलं. 

पुढचे चार तास हेडबाईने जे केलं ते दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. विभागप्रमुखांना गाठून परीक्षा पुढे ढकलल्याचं पत्र घेतलं. परत येताना विमानतळावर अडवू नये म्हणून त्या पत्रावर वसतिगृहाच्या कार्यालयाचा शिक्का आणला. तिकीट मामांनी तिकडून काढलं, त्यातलं आडनावाचं एक अक्षर चुकलं होतं ते हिने फोनवर भांडून दुरुस्त करून घेतलं. पासपोर्ट कोटाच्या आतल्या खिशात गेला. ओले कपडे आपल्या खोलीत वाळत घातले. माणसाचे हात चालू असले की त्याला वाटतं, आपण काहीतरी भरून काढतो आहोत.

विमानतळाच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. शेंडेफळ खिडकीतून बाहेर बघत होती. मग म्हणाली, "मला बुधवारी फार वाटलं होतं, बाबांना फोन करावा. काही कारण नव्हतं. केला नाही मी."

"तुझा काय दोष त्यात?"

"दोष नाही गं. पण त्यांनी तरी करायचा ना." ती वळली. "गुरुवारी दवाखान्यात गेले, शुक्रवारी ऑपरेशन. मधे एवढी अख्खी रात्र. मामा होता, शेजारचे होते, फोन हातात होता. ऑपरेशनला जाताना माणसाला आपली मुलगी आठवत नाही का गं, ताई?"

 बसमध्ये पुढे कुणाचं तरी बाळ रडत होतं. तिला वाटलं, आता नको. आधीच एवढं कोसळलंय, त्यात आणखी कशाला. तिकडे जाऊन येऊ दे, तेरा-पंधरा दिवस जाऊ देत, मग शांतपणे सांगू. हा सल्लाही तिला अगदी बरोबर वाटला. आणि बरोबर वाटला म्हणूनच तिला पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली. कारण यातलं निम्मं पोरीसाठी होतं आणि निम्मं स्वतःची कातडी वाचवण्यासाठी, आणि कुठलं निम्मं कुठलं ते तिचं तिलाच सांगता येत नव्हतं.

"नसेल आठवण आली," शेंडेफळ स्वतःशीच म्हणाली. "दुखत असेल फार."

विमानतळावर सामान देऊन झालं. पुढे जिथून फक्त प्रवाशांनाच सोडतात, तिथल्या रांगेशी दोघी येऊन उभ्या राहिल्या. शेंडेफळाचा चेहरा वाळून गेला होता. ती आता घरी जाणार, रिकाम्या घरात शिवणयंत्राशेजारी बसणार, आणि आयुष्यभर समजणार की बापाला शेवटी आपली आठवण आली नाही. हे हेडबाईला समोर लख्ख दिसलं.

"त्यांनी फोन केला होता," ती म्हणाली.

"कुणी?"

"बाबांनी. गुरुवारी, दवाखान्यातून. मला केला होता. तुझ्याशी बोलायचं म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. रविवारी बोला म्हटलं." एकदा सुरू केल्यावर ती थांबली नाही. "दवाखान्यात आहेत हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. त्यांना आठवण आली होती गं. मी मध्ये आले."

शेंडेफळ हलली नाही. रांगेतली माणसं त्यांना वळसा घालून पुढे जाऊ लागली. हेडबाई वाट बघत होती की ही आता आपल्याला मारेल, निदान शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

"काय म्हणाले?" शेंडेफळाने विचारलं. "सगळं सांग. जसंच्या तसं."

हेडबाईने सांगितलं. दोन मिनिटं आहेत का. पाचच मिनिटं बोललो तर चालेल का. तातडीचं असं काही नाही. रविवार तीन दिवसांवर तर आला. मध्ये चाकं वाजत होती तेही सांगितलं. "आणि जेवते ना, असं विचारलं. मी म्हटलं, जेवते."

"मी जेवत होते," शेंडेफळ पटकन म्हणाली, जणू अजून ते उत्तर कुठेतरी पोचवायचं होतं. मग तिने हेडबाईच्या कोटाची बाही धरली. "आवाज कसा होता?"

हेडबाईने आठवून पाहिलं. पुस्तकांची गाडी आठवली, तिच्यावरची लाल पाठीची चार पुस्तकं आठवली, यंत्राची टिकटिक आठवली. काकांचे शब्द सगळे आठवत होते. आवाज आठवत नव्हता. तो तिने ऐकलाच नव्हता.

"ताई, दमलेला होता का? घाबरलेला होता?"

"मला आठवत नाही गं."

"थोडासा तरी?"

"नाही आठवत."

शेंडेफळाने बाही सोडली. रडली नाही. मान खाली घालून तिने पासपोर्ट काढला, पिशवी खांद्यावर घेतली आणि ती रांगेत शिरली. पाच-सहा माणसं पुढे सरकली. हेडबाई तिथेच उभी होती, आणि पाच वर्षं ज्या तोंडाला सूचना द्यायची सवय लागली होती त्या तोंडातून आपोआप निघून गेलं, "पोचलीस की फोन कर हं!"

शेंडेफळाने मागे वळून पाहिलं.

"कुठल्या वारी करू?" तिने विचारलं.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. पोर खरंच विचारत होती, आणि उत्तरासाठी थांबलीही होती. हेडबाईला एकही वार सुचेना. मागच्या माणसाने आपली बॅग पुढे सरकवली, शेंडेफळ बाजूला झाली, आणि मग आत गेली.